तिसरा सिलिंडर

राजू, तो मोबाईल आधी उलटा ठेव. उजेडात ही गोष्ट सांगता येत नाही, आणि त्या उजेडात तुझं तोंडही बघवत नाही. हं, आता ऐका.

ही भगवानची गोष्ट. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात त्याचं गॅरेज, आणि माझं लेथ मशीन त्याच्या भिंतीला भिंत लागून, त्यामुळे यातलं तिऱ्हाइताकडून ऐकलेलं काही नाही. भगवान इंजिनचा माणूस. समोर सुयोग, ऑटो इलेक्ट्रिशियन. दोघे जिगरी दोस्त, पण धंद्यात कायमची जुंपलेली. कुठलीही गाडी आली की भगवान म्हणणार, "करंटचा फॉल्ट आहे, समोर जा." सुयोग म्हणणार, "इंजिनचा आहे, मागे फिरा." गिऱ्हाईक बिचारं रस्ता ओलांडून दमायचं, आणि संध्याकाळी हे दोघे एका कटिंगमध्ये अर्धा अर्धा चहा प्यायचे.

सोनिवलीच्या धर्मराज भोईरांची एक पांढरी गाडी होती, वीस वर्षांची. ती मिसिंग करायची. म्हणजे चार सिलिंडरांतला एक मध्येच काम सोडून द्यायचा आणि गाडी आचके द्यायची. पण गॅरेजात आणली की एकदम शहाणी. भगवानने सकाळी थंड इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, तपासलं. चारही ठीक. "माझं इंजिन ओके आहे, करंट बघ." सुयोगने कॉइल बदलली, तारा बदलल्या, तरी रडगाणं तेच. शेवटी भगवान चार माणसांत त्याला बोलला, "तुला जमत नसेल ना, तर शटर पाड आणि घरी बस."

सुयोगने गाडीची चावी उचलली. रात्री एकटाच ती गाडी घेऊन बारवीच्या रस्त्याला गेला, जिथे ती आचके द्यायची तिथे.

पोरांनो, ते काम दोघांचं असतं. एकाने आत बसून रेस धरायची, दुसऱ्याने बॉनेट उघडून प्लगच्या तारा एकेक करून काढायच्या. तार काढल्यावर इंजिन पडलं, म्हणजे त्याचा आवाज बसला, तर तो सिलिंडर चालू. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. सुयोग एकटाच बॉनेटखाली वाकला होता. अंधारात ठिणगी नीट दिसते म्हणून त्याने सगळे दिवे बंद केले होते. पाण्याच्या टँकरवाल्याला तो दिसलाच नाही.

त्यानंतर वर्षभर भगवानने सुयोगच्या बायकोचं, हिमानीचं, तोंड चुकवलं. डोक्यात एकच किडा. फॉल्ट कुणाचा होता? करंटचा असेल, तर सुयोग स्वतःच्या कामासाठी गेला. इंजिनचा असेल, तर तो माझ्या चुकीपायी मेला.

आणि धर्मराज ठोकून-रंगवून घेतलेली तीच गाडी घेऊन परत दारात. म्हणाले, "भगवानशेठ, परत तसाच करते. भंगारात टाकायला पन मन होत नाय. एकदा काय ता बघा ना."

दुसरा कुणी वायरमन त्या गाडीला हात लावेना. मग भगवान स्वतः निघाला. गेल्या डिसेंबरातली तेरा तारीख, शनिवार. गॅरेजातून निघाला तेव्हा रात्रीचे अकरा वीस. अंबरनाथपर्यंत गाडी सुरळीत. बदलापूर मागे पडलं. चढ लागला, इंजिन चांगलं तापलं आणि आचके सुरू झाले. त्याच जागी.

त्याने गाडी कडेला घेतली. पार्किंगचे दिवे लावले. बॉनेट उघडून परत आत येऊन बसला, कारण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन बंद पडायला बघत होतं. समोर काचेवर नुसतं उघडं बॉनेट. पलीकडचं काही दिसत नव्हतं. आता पाय इथे ठेवू की तारा काढायला जाऊ, या विचारात तो बसला होता...

बॉनेटवर टकटक झाली. दोनदा.

"वारा असेल, काका."

वारा मोजून दोनदा टकटक करतो का रे, शहाण्या? दोनदा म्हणजे रेस वाढव. सगळ्या गॅरेजांत हीच खूण.

पार्किंगचे दिवे आपोआप विझले.

भगवानचा पाय दाबला गेला. कसा, ते त्यालाच ठाऊक नाही.

पहिली तार निघाली. इंजिन पडलं. तार परत बसली.

दुसरी. इंजिन पडलं. परत बसली.

तिसरी...

काही नाही. इंजिन तसंच.

मग बॉनेटखालच्या फटीतून उजेड आला. निळा. टिक... टिक... टिक. तिसरी तार कुणीतरी इंजिनाजवळ धरली होती, आणि ठिणगी उडत होती. जाड, निळी ठिणगी.

करंट होता. पुरेपूर होता. म्हणजे मेलं होतं ते...

"माझा," भगवान म्हणाला. "सुयोग, फॉल्ट माझा होता रे."

टिक थांबली.

तो खाली उतरला. पुढे कुणी नव्हतं. चारही तारा जागच्या जागी. त्या थंड रस्त्यावर बसून भगवान हमसून हमसून रडला.

रविवारी त्याने इंजिन खोललं. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तापला की अडकत होता, थंड झाला की सुटत होता. थंड इंजिन तपासून तो सापडणार कसा? हात धुऊन तो तसाच अंबरनाथला हिमानीकडे गेला. सगळं सांगितलं. चार माणसांत काय बोलला तेही. "वहिनी, तो माझ्यामुळे गेला."

हिमानीने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "काम अर्धवट टाकून ते कधी घरी आले नाहीत, भावोजी. कितीही उशीर होवो." आणि उठून आत गेली.

आली ती एक पांढरा पंचा घेऊन. शनिवारीच धुतलेला, रात्री मोरीच्या दांडीवर वाळत टाकलेला. त्यावर दहा बोटांचं काळं ऑइल होतं. पेट्रोलचा वास येत होता.

"सकाळी असा दिसला. धुऊ, की ठेवू?"

भगवानने हात लावला. ऑइल अजून ओलं होतं.