फाटक होतं तसं ठेवा

आमच्या गावचा माणूस शेजारच्या जिल्ह्यात शिकारीची परवानगी मागायला गेला, की लोक त्याचं तोंड बघायच्या आधी त्याच्या गाडीची नंबर प्लेट बघतात. अमेरिकेत, आमच्या मोंटाना राज्यात, प्लेटवरचा पहिला आकडाच जिल्हा सांगून टाकतो. आमचा आकडा दिसला की दार उघडतच नाही, आणि उघडलं तर नाही म्हणण्यापुरतं.

आमचं गाव टॉलिव्हर. तांब्याच्या भट्टीचं गाव. टॉलिव्हरवाले तारा कापतात, न विचारता घुसतात, बिअरचे डबे कुरणात फेकतात, फाटकं उघडी टाकून जातात, अशी आमची कीर्ती. खोटं कशाला बोलू, असं वागणारे आमच्यात होतेच. पण करणारे मोजके आणि निस्तरायचं सगळ्या गावानं, याचा मला आयुष्यभर संताप आला आहे. मी, गस मिहेलिच, लहानपणापासून बापाच्या मागे शिकारीला गेलो. एकही फाटक उघडं टाकलेलं मला आठवत नाही. पण ते सांगायचं कुणाला? ऐकायला कुणी उंबऱ्यावर थांबतच नाही.

ही गोष्ट घडली त्या वर्षी भट्टी बंद पडली, कामं गेली. घरात मी, बायको लॉर्ना आणि दोन मुली. एक एल्क हरीण मिळालं तर चौघांचा हिवाळा निघतो, आणि आमचा फ्रीजर रिकामा होता. सरकारी जंगलात आठवडाभर फिरलो, खुराचा ठसासुद्धा दिसला नाही. बर्फ पडल्यावर एल्क खाली नदीकाठी उतरतात, आणि नदीकाठ सगळा खाजगी. एका रँचवाल्यानं तर मला पायऱ्यांवरूनच परत पाठवलं.

"माणूस बरा दिसतोस रे," तो म्हणाला. "पण टॉलिव्हरचा ना?"

"हो, पण मी..."

"मग झालं तर."

हंगामाचा शेवटचा शनिवार उरला. माझा मेहुणा ड्वेन डोंगरापलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात, डन्मोरला राहतो. डन्मोर म्हणजे सज्जनांचं गाव, असं तिथलेच लोक सांगतात. तो हसत म्हणाला, "माझी पिकअप घेऊन जा. आमचा आकडा बघून ती नदीकाठच्या रँचवाली ओडेगार्डबाई तुला कॉफीसुद्धा पाजेल."

"आणि गाव विचारलं तर?"

"तर सांग डन्मोर! ती काय बायबलवर हात ठेवायला लावणार आहे?"

"लाज नाही वाटत तुला?"

"लाज शिजवून मुलींना वाढणार आहेस का?"

मी किल्ली घेतली.

ओडेगार्डबाईंनी खिडकीतून आधी प्लेट बघितली आणि मगच दार उघडलं. सत्तरीच्या, ताठ, हाताला पीठ लागलेलं. त्यांनी खरंच कॉफी दिली. स्वयंपाकघरात उबदार वाटत होतं आणि मी कप नुसता धरून बसलो होतो.

"डन्मोरचे का?"

"हो."

एवढंच बोललो मी. एकच शब्द.

"मग जा खुशाल. एल्क खालच्या नदीकाठी आहेत. टॉलिव्हरवाल्यांना मी पाय ठेवू देत नाही." त्या पीठ झटकत होत्या. "माझा नवरा, नेल्स, गेला तो त्यांच्यापायी. कुणीतरी खालचं फाटक उघडं टाकून गेला. गुरं हायवेवर गेली. धुकं होतं. नेल्स त्यांना वळवायला धावला आणि ट्रकखाली आला. ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही." मग म्हणाल्या, "एकच सांगणं आहे. फाटक होतं तसं ठेवा."

आमच्याकडे हा नियम पोरंसोरंही पाळतात. बंद सापडलं तर बंद करायचं, उघडं सापडलं तर उघडंच ठेवायचं. गुरांना पाण्यावर जाता यावं म्हणून मालकानंच ते उघडं ठेवलेलं असू शकतं. शहाणपणा करून लावून टाकलं तर गुरं तहानेनं मरतील.

खालचं फाटक उघडं होतं.

तारेचं फाटक ते. काटेरी तारांना बांधलेल्या काठ्या, आणि लावायचं म्हणजे शेवटची काठी खांद्यानं खांबाकडे रेटून वरून तारेची कडी चढवायची. ते बाजूला लोळत पडलं होतं आणि खांबाजवळ कॅनव्हासच्या कोटातला एक म्हातारा उभा होता. बाईंचा गडी असणार. मी काच खाली केली. ओल्या लोकरीचा आणि डिझेलचा वास आत आला.

"कुठला?" त्यानं विचारलं.

"डन्मोर."

त्यानं प्लेट बघितली नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि जा म्हणून हात केला. मी आत गेलो. फाटक उघडं सापडलं होतं, उघडं ठेवलं.

एल्क लवकर मिळाली. विलोच्या झुडपात एक मादी उभी होती, एका गोळीत पडली. सोलून, तुकडे करून पिकअपमध्ये चढवेपर्यंत दिवस कलला. माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि कित्येक महिन्यांनी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. तेवढ्यात नदीवरून धुकं उठलं.

फाटकाजवळ आलो तर समोर काही दिसेना. ऐकू मात्र आलं. खूर... बर्फावर पुष्कळ खूर, संथपणे, एकाच दिशेनं चाललेले. ओडेगार्डबाईंची गुरं फाटकातून बाहेर पडत होती, आणि त्यांच्या पुढे, धुक्यात कुठेतरी, हायवेवर ट्रकची घरघर होती.

मी गाडीतून उडी टाकली. धावलो, ओरडलो, टोपी हलवली. पुढच्या गायीला नाकावर थाप मारून वळवली, तशी बाकीची वळली. सगळी आत घेतली. मग काठी उचलली, खांदा लावला, रेटली, कडी चढवली. बसली. मी गाडीकडे वळलो.

मागे तार झणकन वाजली.

फाटक जमिनीवर लोळत होतं. गुरं पुन्हा चालू लागली.

तारेनं माझी बोटं फाटली, मी शिव्या घातल्या, पुन्हा वळवलं, पुन्हा लावलं. कडी खाचेत नीट बसल्याचं बोटांनी चाचपून बघितलं. हात काढला. डोळ्यांदेखत कडी हळूहळू वर सरकली, जणू कुणी ती सावकाश काढत होतं, आणि काठी माझ्या पायाशी येऊन पडली.

तोच वास आला. अगदी कानाशी.

"कुठला...?"

"ड... डन्मोर."

हायवेवर एक ट्रक भोंगा वाजवत गेला. एक वासरू माझ्या बगलेतून निसटून धुक्यात शिरलं. त्याला कसंबसं परत ओढलं.

"कुठला...?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. भीती होतीच, पण त्याहून जास्त चीड आली. वर्षानुवर्षांची.

"टॉलिव्हर!" मी ओरडलो. "टॉलिव्हरचा आहे मी! तिथे जन्मलो, तिथेच मरणार! एक फाटक उघडं टाकलं नाही मी जन्मात! पण तुम्ही लोक कधी विचारता का? आकडा बघता आणि दार लावता!"

सगळं गप्प झालं. गुरंसुद्धा.

"मग धर," म्हातारा म्हणाला.

मी काठी उचलून खांबाला लावली, शिकारीच्या नारिंगी जाकिटातला उजवा खांदा टेकला आणि धरून उभा राहिलो. कडी चढवायचीही हिंमत होईना. गुरांचा श्वास पाठीवर येत होता. किती वेळ उभा होतो, खरंच सांगता येणार नाही. पायांचं भान गेलं, मग खांद्याचं. धुकं विरलं तेव्हा कडी जागेवर होती आणि मी हात काढला तरी ती हलली नाही. बर्फात बुटांचे ठसे होते, सगळे माझेच.

परत जाताना मी बाईंच्या दारात थांबलो. मांस जाईल हे ठाऊक होतं, पण थांबलो.

"मी खोटं बोललो. मी टॉलिव्हरचा आहे. गस मिहेलिच. ही गाडी मेहुण्याची."

त्या माझ्या फाटक्या बोटांकडे बघत राहिल्या.

"गुरं बाहेर आली होती," मी म्हणालो. "वळवली सगळी. फाटक लावलंय. तुमच्या गड्यानं ते उघडं..."

"माझ्याकडे गडी नाही. नेल्स गेल्यापासून मी एकटी आहे." त्यांनी दाराची चौकट धरली. "आणि ते फाटक मी आज सकाळी स्वतः लावलं होतं."

त्यांनी खालच्या फाटकाकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "मांस घेऊन जा. घरी पोरं असतील. पण पुन्हा येऊ नकोस."

गेलो नाही. हिवाळा त्या मांसावर निघाला. मुली पोटभर जेवत होत्या आणि मी तो दिवस विसरायच्या नादात होतो. जानेवारीच्या कडाक्यात एकदा संध्याकाळी फोन वाजला.

"गस? मी ओडेगार्ड. रागावू नकोस, एक विचारायचं होतं." त्या अडखळत होत्या. "तू रोज येतोस ते कशाला रे?"

"मी? कुठे?"

"खालच्या फाटकाशी. दिवस बुडाला की. तेच नारिंगी जाकीट, खांबाला खांदा लावून उभा. हाक मारली तर वर बघत नाहीस. त्या दिवसापासून फाटक एकदाही पडलेलं नाही, त्याचे उपकारच आहेत. तुमच्या गावाबद्दल मी बोलले ते चुकलंच. सांग त्यांना, पुढच्या हंगामात या म्हणावं. पण बाळा, इतक्या थंडीत... आत ये ना. कॉफी ठेवली आहे."

"बाई, मी घरी आहे. तुम्ही घरच्याच फोनवर..."

पडदा सरकवल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाल्या, "मी खिडकीतून बघतेय. आत्ता आहेस."

आता टॉलिव्हरवाल्यांना तिथे परवानगी मिळते. नंबर प्लेट कुणी बघत नाही. ज्यासाठी मी जन्मभर चरफडलो, ते गावाला फुकट मिळालं. शेजारचा अर्नी तिथून एल्क घेऊन आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय लेका, मोठा झालास का? फाटकाशी उभा होतास, हात केला तर ओळखसुद्धा दाखवली नाहीस!"

मी हसलो.

माझं नारिंगी जाकीट त्या हंगामानंतर मी अंगात घातलेलं नाही. ते स्वयंपाकघरात, शेगडीच्या बाजूच्या खुंटीला टांगलेलं असतं. लॉर्ना रोज सकाळी त्याच्या उजव्या खांद्यावरचा बर्फ झटकते.