दर दोन तासांनी

हे मी शपथेवर सांगणार नाही. रुग्णसेवेच्या शपथांची किंमत बाबा रुग्णालयात होते त्याच आठवड्यात कळली. घडले तसे लिहितो.

अतिदक्षता विभाग, खिडकीजवळची खाट, भर दुपार. बाबा बेशुद्ध होते. त्यांचा श्वास यंत्र घेत होते.

भिंतीवर उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे चौकटीत टांगली होती. गद्य उत्तम. बेशुद्ध रुग्णाची कूस दर दोन तासांनी, दोघांनी मिळून बदलावी. हात लावण्यापूर्वी त्याला तसे सांगावे. तो ऐकतो आहे असे धरून चालावे.

त्या चौकटीखाली एकच सिस्टर होती. खाटा सगळ्या भरलेल्या.

डॉक्टर म्हणाले होते, शरीर तग धरेल. पण पाठीला जखमा होऊन त्या चिघळल्या, तर आशा नाही.

म्हणजे बाबांचा जीव कुशीवर टांगलेला होता. नातेवाइकांनी रुग्णाला हात लावू नये, असाही एक नियम होता. तो मात्र काटेकोर पाळला जाई.

ताई आणि मी काचेबाहेर बसून असू. खाटेकडे कोणी फिरकत नसे...

तरी बाबा दर वेळी वेगळ्या कुशीवर दिसत.

गुडघ्यांमध्ये उशी. नीट बसवलेली.

ताईने सिस्टरचे आभार मानले. ती चादर ओढता ओढता थांबली.

"ताई, मला पाणी प्यायला फुरसत नाही. मला वाटलं, तुम्हीच गुपचूप येता."

दुसऱ्या दुपारी दार किलकिले होते. आतून बाईचा आवाज आला... हलका, सवयीचा.

"काका, कूस बदलते हं. घाबरू नका."

आत कोणी नव्हते.

बाबांचा खांदा उचलला गेला... आणि त्याच क्षणी कंबर.

दोघांनी मिळून. नियमाप्रमाणे.

सिस्टरला सांगितले. तिने काचेकडे पाहिलेही नाही. "पूर्वी इथे आणखी दोघी होत्या. साथीत गेल्या. जागा अजून भरल्या नाहीत."

बाबा वाचले. पाठीवर ओरखडाही नव्हता. डॉक्टरांनी श्रेय मार्गदर्शक तत्त्वांना दिले. ते खरेही होते.

आता बाबा घरी आहेत. स्वतः कूस बदलू शकतात. बदलत नाहीत.

"अंग आखडेल, बाबा. फार लाडावलात तिथे," ताई म्हणते.

"थांब गं. त्या येतील."

काल दुपारी त्यांच्या खोलीत डोकावलो. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. गुडघ्यांमध्ये उशी...

मला त्याची भीती वाटत नाही.

त्या दोघी इथे असतील, तर तिथे कोण आहे?