पात्यांखालची ढाबळ

मी तारेच्या कुंपणावर अर्धी अलीकडे आणि अर्धी पलीकडे लोंबकळत होते, तेव्हा तो म्हणाला, “फाटक उघडंच आहे.”

मान वळवून पाहिलं. उंच, सडपातळ, गुडघ्यापर्यंत चिखल आणि नाकावरून घसरणारा चष्मा. त्याच्या डोक्यावर पवनचक्कीची पाती सूंऽ सूंऽ करत फिरत होती आणि त्यांची सावली दर क्षणाला आम्हा दोघांवरून सरकत होती.

“माहीत होतं मला,” मी ठोकून दिलं. “मला फाटकातून यायचं नव्हतं.”

“असं! आणि ही बाही? हीसुद्धा मुद्दाम अडकवलीय… की सोडवू?”

माझे कान तापले. त्याने बाही सोडवली, अगदी हलक्या हाताने, एक धागाही न उसवता. मी खाली उडी मारली आणि आभार मानायच्या ऐवजी भांडायला लागले.

“माझी झिपरी कुठंय?”

“कोण झिपरी?”

“माझी कबुतरीण. काल रेसला सोडली होती. सगळ्यांची आली, तिचा पत्ता नाही. तुमच्या या राक्षसांनी कापली असणार!”

आमच्या घरात रेसची कबुतरं. टोपल्यांतून लांब नेऊन सोडायची आणि कुणाचं आधी घरी पोचतं ते बघायचं. बाबा कबुतर क्लबचे अध्यक्ष, आणि डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून त्यांचा पारा कायम चढलेला. घरी न आलेलं प्रत्येक कबुतर पवनचक्कीच्या नावावर जमा व्हायचं.

तो म्हणाला, “मी मेलेले पक्षी शोधतो. प्रत्येक चक्कीखाली फिरून, रोज. कंपनीने त्यासाठीच ठेवलंय मला. आज सगळ्या चक्क्यांखाली फिरून झालं. तुमची झिपरी कुठेच नाही.”

“अशी नोकरी असते?”

“असते ना. घरी सांगताना फिरतीची नोकरी आहे म्हणतो.”

हसू आलं, पण मी ते गिळलं. “कंपनी पगार देते म्हटल्यावर तुम्हाला काय दिसणार!”

“मग उद्या या. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

“आव्हान देताय?”

“नाही हो,” तो चष्मा वर सरकवत म्हणाला, “बोलावतोय.”

आणि मी गेले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी… मग रोजच. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. दुकान उघडायच्या आधी सकाळ माझी असायची. आम्ही खांबाभोवती गोल गोल चालायचो, आणि दर फेरीला गोल मोठा होत जायचा. दवाने सलवार पोटऱ्यांना चिकटायची. वटवाघळं सापडायची, कधी एखादा चंडोल. तो गुडघ्यावर बसून त्या चिमुकल्या देहाकडे असा बघायचा, की मीही शेजारी टेकायचे. रेसची कबुतरं मात्र सापडली नाहीत. ती सापडायची डोंगराच्या पायथ्याशी, विजेच्या तारांखाली. आणि त्या तारा तर आमच्या जन्माच्या आधीपासून तिथे होत्या.

“कबुतरांना पाती दिसतात,” तो म्हणाला. “वळसा घालून जातात. तार दिसत नाही.”

“म्हणजे तुमच्या चक्क्या अगदी निष्पाप?”

“तसं मी कुठे म्हटलं? धुक्यात कोण जाणे. अजून मला काही सापडलेलं नाही, एवढंच सांगतो.”

त्याचं हेच मला आवडायला लागलं होतं. जेवढं माहीत, तेवढंच बोलायचं. आमच्या घरात सगळे माहीत नसलेलंच जास्त बोलायचे.

एकदा त्याच्या चष्म्याची काडी गळूनच पडली. मी पर्समधून बारका पेचकस काढला.

“वाका.”

“इतकं?”

“अजून.” कानामागे काडी बसवताना माझी बोटं त्याच्या केसांत गेली. तो श्वास रोखून उभा होता. मीही…

“आता नीट दिसतंय?” मी विचारलं.

“आधीही दिसतच होतं.” तो माझ्याकडेच बघत होता. “तू आलीस की सगळं स्पष्टच दिसतं.”

“तू? ‘तुम्ही’चं काय झालं?”

“काडीबरोबर गळून पडलं.”

दरम्यान झिपरी परतली होती. चालत! उडता येत नव्हतं, छातीवर लांब ओरखडा. बाबांनी तिला हातात घेऊन सगळ्या क्लबाला दाखवली. “बघा, पात्याने काय केलं!” मी म्हटलं, “बाबा, पात्याने ओरखडा नसता आला, दोन तुकडे झाले असते. ही तारेला घासलीय.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परकी.

मग धुक्याची सकाळ आली. त्या दिवशी शेजारच्या क्लबाची रेस होती. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. चालता चालता माझ्या चपलेला काहीतरी मऊ लागलं. एक पंख. पुढे गवतात बाकीचं कबुतर आणि पायात रेसची कडी. तो माझ्याशेजारी येऊन बसला. वर पाती फिरत होती… दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

“हे चक्कीचंच,” तो शेवटी म्हणाला.

त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. चक्क्यांची नवी रांग उभारायची होती, त्याबद्दलची गावासमोरची सुनावणी तोंडावर आली होती. “ससाण्याचं उष्टं असेल. दे टाकून गवतात.”

फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा उतरला होता.

“टाकणार आहेस?” मी विचारलं.

“तू काय करशील?”

“मी सुनावणीत उभी राहून सांगणार. तू टाकलंस तरी.”

“मग मला विचारतेस कशाला?”

“तुझ्यावर प्रेम करायचं की नाही, ते ठरवायचंय मला.”

माझ्या तोंडून निघून गेलं खरं, पण मी नजर खाली वळवली नाही. त्याने खिशातून रुमाल काढला आणि ते कबुतर जपून गुंडाळलं.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. बाबा व्यासपीठावर चढून गरजले, “चक्क्यांखाली आमच्या कबुतरांचा खच पडलाय! माझी मुलगी रोज बघायला जाते. विचारा तिला!”

मी उठले.

“खच पडलेला नाही,” मी म्हटलं. “एक सापडलं. धुक्याच्या दिवशी, मलाच. बाकी सगळी तारांखाली. चक्क्या पाडा असं मी म्हणणार नाही. पण रेसच्या सकाळी धुकं असेल तर त्या थांबवा.”

एका बाजूने क्लब ओरडला, दुसऱ्या बाजूने साहेब. “एकही सापडलेलं नाही! ही कोण सांगणार?”

“खरं सांगतेय ती.” तो मागच्या रांगेतून उठला होता. “मी तिथे होतो. ते कबुतर मला गवतात टाकायला सांगितलं होतं. सर, तुम्हीच सांगितलं होतंत.”

त्याच संध्याकाळी त्याची नोकरी गेली. आणि आमच्या घरात रणकंदन माजलं.

“क्लबात माझं नाक कापलंस,” बाबा म्हणाले. “त्या पोराचा विषय या घरात पुन्हा निघता कामा नये!”

“निघणार. रोज निघणार. मी त्याच्याशी लग्न करतेय.”

आईच्या हातातलं उलथनं थांबलं. बाबांचा आवाज एकदम खाली आला. “मग कबुतरं इथेच राहतील. सगळी. झिपरीसुद्धा.”

त्यांना ठाऊक होतं कुठे मारायचं ते. मोठं झालेलं रेसचं कबुतर दुसरीकडे नेऊन उपयोग नसतो. सोडलं की ते जुन्याच ढाबळीत परततं. बाबांचं घर सोडणं म्हणजे झिपरीला सोडणं. मी गच्चीवर गेले. तिला छातीशी धरून बसले, तिच्या विस्कटलेल्या मानेवर गाल टेकून. खूप रडले. मग तिला तिच्या खणात ठेवलं, कडी लावली आणि जिना उतरले.

तो डोंगराखालच्या भाड्याच्या खोलीत सामान बांधत होता.

“सोड ते,” मी दारातूनच म्हटलं. “मी घरी सांगून आलेय.”

“काय?”

“आपण लग्न करतोय म्हणून.”

तो मोज्याची जोडी हातात धरून उभाच राहिला. “आणि… मला कधी सांगणार होतीस?”

“आत्ता सांगतेय की.”

“मी बेकार आहे.”

“मी नाही.”

“तुझे बाबा मला गोळी घालतील.”

“त्यांचा नेम वाईट आहे. बोल लवकर, हो की नाही?”

त्याने मोजे बाजूला फेकले. “त्या कुंपणावर लोंबकळत होतीस ना… तेव्हापासून हो!”

लग्नाला आई आली, बाबा नाही. तो आता शाळेत विज्ञान शिकवतो. आम्ही डोंगराखालीच राहिलो, आणि मी तिथेच ढाबळ बांधली, चक्क्यांच्या रांगेच्या अगदी खाली. कधीच न उडालेली पिल्लं आणली. त्यांना दुसरं घर माहीतच नव्हतं. “पात्यांखालच्या ढाबळीला क्लबात जागा नाही,” असा बाबांचा निरोप आला. मी उलटा निरोप धाडला, “मी जागा मागितली कुठे?” धुक्यात चक्क्या थांबवायला कंपनी अजून तयार नाही. मीही दर आठवड्याला त्यांच्या दारात जाऊन उभी राहते. एक दिवस कंटाळून तरी हो म्हणतील.

गेल्या रविवारी आभाळ लख्ख होतं. नवरा पिल्लांची टोपली घेऊन लांब गेला आणि तिथून त्याने ती सोडली. मी आणि आई अंगणात माना वर करून उभ्या. पाती फिरत होती. आणि मग डोंगराच्या कडेला ठिपके दिसले. ठिपके रांगेपाशी आले, एकदम उजवीकडे झुकले, शेवटच्या खांबाला वळसा घालून सरळ खाली, आमच्या पत्र्यावर!

आई टाळ्या वाजवायला लागली. जन्मभर कबुतरांच्या नावाने बोटं मोडणारी माझी आई! तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नुसतं ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

“आली का?” बाबांचा आवाज. किती दिवसांनी…

“आली.”

“सगळी?”

“सगळी.”

मग चाचरत, “पात्यांतून… कशी काय येतात गं?”

मी आवाज सरळ ठेवला.

“तुमच्या गच्चीवरून दिसणार नाही, बाबा. इथे यावं लागेल. आणि दार माझा नवरा उघडेल.”