आप्पांचा जोड

ही गोष्ट १९७४ सालची. मी रचून सांगतेय असं कोणाला वाटलं तर वाटू दे. त्या वेळी शेडमध्ये आम्ही तिघं होतो. त्यातली आता मी एकटी उरले आहे, आणि या वयात कोणाला घाबरवून मला काय मिळणार?

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती. उन्हाने पत्र्याची शेड तापून टिकटिकत होती.

घरामागच्या त्या शेडमध्ये माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, स्वतःच्या हाताने एक मोटार बांधली होती. सांगाडा एका मोडक्या गाडीचा, इंजिन दुसरीचं, आणि वरचा पत्रा लाकडी साच्यावर ठोकून ठोकून घडवलेला. जुन्या चित्रांत असते तशी. गोल दिवे, लांब नाक, सायीचा रंग. आतल्या गाद्या सासूबाईंनी शिवल्या होत्या. गाडीला त्या 'सवत' म्हणायच्या. "सवतीचं तेलपाणी झालं असेल तर या आता चहाला," अशी हाक मारायच्या. आम्ही हसायचो. त्या ताज्या रंगाचा वास आठवला की अजून मला ते घर भरलेलं दिसतं.

पण आप्पांचा हात वाईट होता.

दोन्ही मुलांना, माझ्या नवऱ्याला आणि धाकट्या भाऊजींना, त्यांनी पान्याने शिकवलं. नट चुकीचा लावला की बोटांच्या पेरांवर पाना. मुलगा रडला की दुसरा, पहिल्यापेक्षा जोरात. "डोकं विसरतं, हाड विसरत नाही," म्हणायचे.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आप्पा गाडी घेऊन उतारावरून निघाले आणि स्टीअरिंग हातात नुसतंच गोल फिरलं. गाडी गोदामाच्या भिंतीवर आदळली. स्टीअरिंगचा दांडा छातीत घुसला. आम्ही पोचलो तेव्हा ते जिवंत होते. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं,

"नट कोणी आवळला होता?"

स्टीअरिंगचा नट यांनीच आवळला होता. आदल्या दिवशी.

तो प्रश्न यांना आतून खात राहिला. यांनी मोठ्या यंत्रांना हात लावणं सोडलं आणि घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकट्या भाऊजींची जीभ तर करवतच. "दादा, घड्याळच बरं. बंद पडलं तरी कोणी मरत नाही." हे मान खाली घालायचे.

चेपलेली गाडी शेडमध्ये गंजत पडली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "एक तर सवतीला चालती करा, नाहीतर भंगारात द्या. अशी डोळ्यांसमोर सडायला नको."

हे म्हणाले, "मी करतो. नट सैल होता की नव्हता, मला बघायचंय."

काम इंजिनापासून सुरू झालं. हे एक नळी बसवत होते. मी दिवा धरला होता.

टक...

यांनी हात झटकला. पेरांवर निळा वळ उठला होता. आम्हाला वाटलं, बॉनेट लागलं असेल.

यांनी पुन्हा पाहिलं. नळी उलटी बसली होती.

मग ते रोजचंच झालं. चूक झाली की टक... बरोबर असलं की काही नाही. आप्पांचा पाना भिंतीवर टांगलेला असायचा. काढून बघितला तर... गरम. कोणीतरी नुकताच मुठीतून सोडल्यासारखा.

मी घाबरले. हे मात्र हळूहळू खुलत गेले. इतक्या वर्षांनी पुन्हा हाताला वळण लागत होतं.

"बघ, ब्रेक एका फटक्यात जमले. आप्पा शिकवतायत."

"अहो, मेलेला माणूस मारतोय आणि तुम्ही शिकवणी लावल्यासारखे खूश होताय?"

"चूक कळते ना पण."

"बोटं बघा स्वतःची."

बोटं सुजून काळीनिळी झाली होती. दुकानात चिमट्यात स्क्रू धरवत नव्हता. गिऱ्हाईक समोर उभं, आणि हे जमिनीवर स्क्रू शोधतायत. मी रडले, भांडले. यांनी ऐकलं नाही. "स्टीअरिंग उघडेपर्यंत थांब. मी त्यांना मारलं का, हे मला कळलंच पाहिजे. मग हात गेले तरी चालतील."

त्या रविवारी यांनी स्टीअरिंग उघडलं. भाऊजी दारात चहाचा कप घेऊन उभे होते.

"काय दादा, नट सापडला, की वाटेत पडलाय कुठे?"

हे गाडीखालून बाहेर आले. चेहरा पांढराफटक.

"नट घट्ट आहे. अडकवलेली पिनसुद्धा जागेवर आहे."

"मग?"

यांनी तुटलेला दांडा उजेडात धरला. दांडा लांबीला कमी पडला म्हणून आप्पांनी दोन तुकडे जोडले होते. मोडलेल्या तोंडावर कडेची बारीक रेघ तेवढी चकाकत होती. आतलं सगळं काळं, जुन्या गंजाचं. वेल्डिंग फक्त वरवर धरलं होतं. आतून तो जोड कधी लागलेलाच नव्हता.

भाऊजींच्या हातातला कप कलंडला.

यांनी उजवा हात बॉनेटवर ठेवला. रिकाम्या शेडकडे बघून शांतपणे म्हणाले,

"आप्पा, नट माझा होता. तो सुटला नाही. जोड तुटला. जोड तुमचा होता."

पत्र्याची टिकटिक थांबली...

मी भिंतीकडे पाहिलं. पाना तिथे नव्हता.

घाव बसला तो मला दिसला नाही, ऐकू आला. ओली फांदी पिळून मोडावी तसा. यांची बोटं वाकडी झाली. हे गुडघ्यांवर आले, पण हात काढला नाही.

"मारा आणखी. तरी जोड तुमचाच."

भाऊजी धावले. हवेतूनच काहीतरी त्यांच्या तोंडावर बसलं आणि ते दात थुंकत दारात कोसळले.

मग आमच्यावरचे घाव थांबले.

गाडीचं दार... आपोआप उघडलं. आणि लागलं.

आत कोणी नव्हतं. पण आप्पांची गादी मधोमध दबली. आणि घाव सुरू झाले. लोखंडाचे, मांसावर. हाडावर. प्रत्येक घावाला गाडी हिंदकळत होती. दोन घावांच्या मध्ये एक श्वास ऐकू यायचा... दाबून धरलेला. लहानपणी हे दोघे भाऊ तसाच धरायचे म्हणे, रडू फुटू नये म्हणून.

शेवटी हुंदका फुटला. म्हाताऱ्या माणसाचा.

आणि लगेच पुढचा घाव. जोरात.

हे मोडक्या हाताने दार ओढायला लागले. "आप्पा, पुरे. माणसाकडून चूक होते. सोडून द्या."

दार उघडलं नाही. पुन्हा हुंदका. पुन्हा घाव.

मी दोघांना ओढत बाहेर आणलं. ओट्यावर सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी आवाज ऐकला होता. मला एवढंच विचारलं,

"रडले का?"

"हो."

"मग थांबणार नाहीत," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

अंधार पडेपर्यंत आवाज येत राहिला. सकाळी दार सहज उघडलं. पाना गादीवर पडला होता. गादी रक्ताने भिजली होती. यांच्या हाताची कातडी फुटलेली नव्हती, आणि भाऊजींचं रक्त दारात वाळलं होतं.

ते रक्त कोणाचं, कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी स्वतः शिवलेली गादी स्वतःच उसवून जाळली.

त्यानंतर सासूबाई फार वर्षं जगल्या नाहीत. मागच्या दाराकडे तोंड करून कधी बसल्या नाहीत.

यांचा हात वाकडाच राहिला. दुकानात शिकाऊ मुलं ठेवली, त्यांनाच सगळं शिकवलं. चूक झाली की म्हणायचे, "उघड, पुन्हा लाव." आवाज कधी चढला नाही. यांना झोप त्या दिवसापासून शांत लागू लागली. झोपेतच गेले.

भाऊजींनी यांची माफी मागितली, पुढच्या दातांच्या खिंडारातून. उरलेल्या आयुष्यात त्यांनी कोणाला टोमणा मारलेला मी ऐकला नाही.

गाडीला नवा दांडा घालून ती विकली. घेणारा हौशी होता, गादी त्याने नवी करवली. वर्षभराने त्याचा फोन आला. गाडी छान चालते, म्हणाला. फक्त दुपारी बंद गॅरेजमध्ये हलते... आतून कोणीतरी काहीतरी ओलं बडवत असल्यासारखा आवाज येतो. इंजिनात काही दोष आहे का?

मी म्हटलं, इंजिनात नाही. फोन ठेवला.

हल्ली मी नातवंडांसाठी विणत बसते. टाका सुटला तर गुपचूप उसवते. चुकले, असं तोंडातून काढत नाही.

आधी दोन्ही हात मांडीखाली घेते... आणि जरा वेळ कानोसा घेते.