वाढोबाची शिळी फाईल

पानावर भाताचं शीतही नव्हतं, आणि वाढोबाने पळीभर वरण ओतलं. ते केळीच्या पानावरून वळणं घेत थेट बाबांच्या लेंग्यावर उतरलं.

"अगं आई गं!" चाचणीला बसलेले बाबा किंचाळले.

वाढोबा हा वाढपी रोबो. त्याची स्क्रिप्ट (यंत्राने काय, कोणत्या क्रमाने करायचं ते सांगणारी फाईल) सहावीतल्या मृण्मयीने लिहून वेबसाइटवर ठेवली होती. सकाळी तिचा क्रम चुकला होता, हे खरं. पण तिने तो लगेच सुधारला होता: आधी भात, मग वरण. मग हा दिवटा जुनंच का करत होता?

"तासाभरात मावशीच्या लग्नाची पंगत बसेल," आई कडाडली. "व्याह्यांच्या रेशमी धोतरावर वरण सांडलं, तर तुझा वाढोबा कायमचा गोदामात!"

मृण्मयीला रडूच फुटलं. वाढोबावर तिचा फार जीव होता.

"वाढोबा, नवी फाईल आण ना रे!"

"आणलेलीच आहे, ताई," वाढोबा नम्रपणे म्हणाला आणि पुन्हा पळी उचलली. बाबा उठून पळाले.

संगणकशास्त्रज्ञ भाऊआजोबा पोट धरून हसत होते. "त्याच्यातला ब्राउझर (वेबसाइट आणून उघडणारा प्रोग्राम) काटकसरी आहे. एकदा आणलेली फाईल तो जवळ साठवतो. त्या साठ्याला कॅश म्हणतात. पुन्हा 'वाढप' नावाची फाईल लागली की तो घरातलीच काढतो. आत तू काय बदललंस, हे त्याला काय स्वप्नात दिसणार?"

"मग त्याचा साठा पुसू?"

"याचा पुसशील गं. पण गावोगावच्या मंगल कार्यालयांतले वाढपी रोबो तुझीच फाईल वापरतात. त्यांचा कोण पुसणार?"

मृण्मयी विचारात पडली. नाव ओळखीचं म्हणून तो जुनी काढतो. "मग नावच अनोळखी केलं तर?" तिने विचारलं.

"शाब्बास!" आजोबांनी टाळी दिली. "ज्या वेबपानावर फाईलचं नाव आहे, ते तो दर वेळी ताजंच मागवतो. तशी सोय मी केली आहे. तिथे नावापुढे आवृत्तीचा आकडा लाव."

तिने 'वाढप?आवृत्ती=२' असं लिहिलं. वाढोबाने वेबपान उघडलं, अनोळखी नाव पाहिलं आणि निमूटपणे नवी फाईल आणली.

"दर वेळी नवाच आकडा दिला तर?"

"तर न बदललेली फाईलही तो उगाच आणत बसेल आणि पंगत ताटकळेल. फाईल बदलली, तरच आकडा बदलायचा."

पंगत बसली. वाढोबा व्याह्यांसमोर वाकला. मृण्मयीने श्वास रोखला. भाताची मूद पडली, तिच्यावर वरण, वरून तूप. धोतर कोरडं! आईने तिला जवळ ओढलं.

"जेवण झकास," व्याही मिशीतल्या मिशीत हसले, "पण जिलबी नको म्हटलं, तर हा खरंच पुढे गेला की! याला आग्रह करायला शिकवा."

मृण्मयी धावत संगणकाशी गेली. तिने आग्रहाच्या दोन ओळी फाईलमध्ये लिहिल्या आणि कुणी न सांगता आवृत्तीच्या दोनाचे तीन केले.