खाली माणूस आहे

बटण बंद असेल तर ते का बंद आहे हे त्यानं स्वतःच सांगायला हवं, असा तिचा हट्ट होता. ती लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर होती. लिफ्ट चालवणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर वरच्या कडेला बटणांची एक पट्टी असते, तिला टूलबार म्हणतात. माउसचा बाण त्यातल्या एखाद्या बटणावर नुसता टेकवला, दाबलं नाही, की शेजारी छोट्याशा चौकटीत चार शब्द उमटतात. त्या चौकटीला कंपनीत सगळे टीप म्हणत. बाकीचे प्रोग्रामर टिपा शेवटच्या दिवशी, जांभया देत उरकायचे. ही बाई मात्र टिपा आधी लिहायची आणि बटणं मागाहून बसवायची. त्यावरून तिचं नावच 'टीपवाली' पडलं होतं. तोंडावर म्हटलं तरी तिला राग यायचा नाही.

या हट्टाचं कारण तिचा दादा. दादा त्याच कंपनीत मेकॅनिक होता. तीन वर्षांपूर्वी एका इमारतीत तो पिटमध्ये उतरला होता. लिफ्ट ज्या पोकळीतून वरखाली करते तिच्या तळाचा खड्डा म्हणजे पिट. वर पडद्यावरचं 'सुरू करा' हे बटण करडं पडलेलं होतं, म्हणजे बंद होतं. पण का बंद, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. कुणा शहाण्याला वाटलं, यंत्र अडकलंय. त्यानं मागच्या दारानं हुकूम देऊन लिफ्ट सोडली. दादा खड्ड्यात आडवा पडला म्हणून जिवानिशी वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो पडदा तिनं बनवलेला होता.

दादानं तिला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. उलट, "ठमे, आता दहापर्यंत मोजायचं म्हटलं की मला बूट काढावा लागतो," असं म्हणून सगळ्यांना हसवायचा. ती हसायची, पण त्याच्या उजव्या हाताकडे बघायची नाही.

त्यानंतर तिनं नियमच करून टाकला. मेकॅनिकनं पिटच्या दाराशी चावी फिरवायची, ती खिशात घालायची आणि मगच खाली उतरायचं. चावी परत जागेवर येईपर्यंत बटण बंद, आणि त्यावरची टीप म्हणणार, 'बंद आहे. पिटची चावी फिरवलेली आहे.' वाक्य जरा रुक्ष होतं, पण त्यात दादाचा जीव होता.

त्या इस्पितळात चार लिफ्ट होत्या. त्यातली तिसरी स्ट्रेचरची. पाचव्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत स्ट्रेचर जाईल एवढी रुंद तीच एक. नवी यंत्रणा बसवून चार दिवस झाले होते. एक, दोन आणि चार झकास चालत होत्या, तिसरीचं बटण मात्र करडं ते करडंच. सोमवारी सकाळी तिला बोलावणं आलं.

नियंत्रणाची खोली तळमजल्यावर जिन्याजवळ होती; तिच्या दारातून तिसरी लिफ्ट आणि पिटचं दार दोन्ही दिसायची. एक पत्र्याचं टेबल, त्यावर दोन पडदे, कुरकुरणारा पंखा आणि खिडकीत वाळत टाकलेला रुमाल. पडद्यासमोर बसणाऱ्या बाईंना सगळं इस्पितळ मावशी म्हणायचं. मावशींनी खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.

"तूच का ती टीप लिहिणारी?" मावशी म्हणाल्या. "बरं झालं आलीस. मी त्या बटणाला हात लावत नाही हं. नुसता बाण नेऊन ठेवते, काय म्हणतंय ते वाचते आणि परत आणते."

"काय म्हणतंय?"

"तूच वाच की."

तिनं बाण तिसऱ्या लिफ्टच्या बटणावर टेकवला. चौकट उमटली.

'बंद आहे. खाली माणूस आहे.'

पहिल्यांदा तिला कौतुकच वाटलं. आपल्या वाक्यापेक्षा हे किती चांगलं! चावीबिवी कुणाला कळते? माणूस आहे म्हटलं की कुणीही हात मागे घेईल. ऑफिसातल्या कुणीतरी तिला न विचारता शब्द बदलले असणार. तिनं टिपांची फाईल उघडली. तिसऱ्या लिफ्टपुढे तिचंच वाक्य होतं, चावीचं. तिनं सगळ्या प्रोग्राममध्ये 'माणूस' हा शब्द शोधायला लावला. एकदाही सापडला नाही.

ती पिटच्या दाराशी गेली. चावी जागेवर होती. इस्पितळाच्या वायरमननं दार उघडून आत टॉर्च मारला. कोरडी फरशी, दोन जाड स्प्रिंगा, कोपऱ्यात थोडी धूळ. "कोण असणार इथं?" वायरमन म्हणाला, आणि दार जरा घाईनंच लावून घेतलं.

दुपारभर तिनं तारा तपासल्या, त्यांतून येणारे संकेत तपासले, चावीची कळ बदलून पाहिली. बटण हललं नाही. संध्याकाळी निघताना ती मनाशी म्हणाली, कुठेतरी जुना तुकडा राहिलाय, उद्या सापडेल. प्रोग्राममध्ये भूत नसतं, विसरभोळा माणूस असतो, असं ती नव्यानं कामाला लागलेल्यांना सांगायची. ते तिला स्वतःलाच ऐकवावं लागलं.

मंगळवारी ती आली तेव्हा मावशी चहाचा कप हातात तसाच धरून बसल्या होत्या.

"आज जास्त बोलतोय," त्या म्हणाल्या.

'बंद आहे. खाली माणूस आहे. बसला आहे.'

तिनं त्या बटणाची टीपच काढून टाकली. फाईलमधली ओळ पुसली, चौकट दाखवणारा हुकूम काढला, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. आता तिथं काहीही दिसायला नको होतं. तिनं बाण टेकवला. बाण टेकल्यावर किती वेळानं टीप यावी हेही प्रोग्राममध्ये ठरवावं लागतं. तिनं सगळीकडे अर्धा सेकंद ठेवला होता. अर्धा सेकंद गेला, काही आलं नाही. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेवढ्यात चौकट आली. हाक मारल्यावर माणसाला ओ द्यायला लागतो तेवढा वेळ लागला होता.

'खाली माणूस आहे. खूप दिवसांनी कुणी विचारलं.'

मावशींनी कप खाली ठेवला. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"तुला भीती वाटते का गं?" मावशींनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि ते बरंचसं खरं होतं. भीतीपेक्षा तिला ओशाळल्यासारखं झालं होतं. बंद बटणाला कारण विचारायची पद्धत तिनंच पाडली होती. त्या प्रश्नाची कुणी वाट बघत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

बुधवारी सकाळी इमारतीचे व्यवस्थापक आले. डोळे तारवटलेले, शर्टाची बाही मळलेली. ते चिडले नव्हते, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"मॅडम, काल एका आजोबांना चौघांनी खुर्चीत बसवून पाच मजले वर नेलं," ते म्हणाले. "एक टोक मी धरलं होतं. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, साहेब, खाली सोडा, इथंच बरं वाटतंय. आज साडेअकराला एक बाई आहेत. त्यांना तर बसवतासुद्धा येणार नाही. खाली कोणी नाही, तुम्ही पाहिलंय, वायरमननं पाहिलंय. ते कुलूप काढता येतं की नाही?"

"येतं."

"किती वेळ लागेल?"

"एक ओळ लिहायची."

"मग लिहा ना."

तिनं ओळ लिहिली. चावी असो वा नसो, बटण सुरू, एवढाच तिचा अर्थ. तीन वर्षांपूर्वी त्या शहाण्यानं केलं होतं, तेच आता ती नीट, शुद्धलेखनासकट करत होती. शेवटची कळ दाबायची राहिली. बोट पुढे होईना. तिकडे वॉर्डात एक बाई वाट बघणार होती, आणि खाली बसलेलं कुणी नाही हे तिला बुद्धीनं शंभर टक्के ठाऊक होतं. तरी बोट पुढे होईना. तिनं ओळ पुसली आणि दादाला फोन लावला.

दादा अर्ध्या तासात आला. तिनं सगळं सांगितलं. तो हसेल, टिंगल करेल, अशी तिची खात्री होती. तशी आशाही होती.

दादानं पडदा वाचला. बराच वेळ वाचला.

"कुणी आत उतरून पाहिलं?"

"दारातून पाहिलं. कोणी नाहीये, दादा."

"दारातून सगळं दिसत नाही गं." त्यानं पट्टा आवळला. "बटणानं कारण सांगावं हा तुझाच नियम ना? ते सांगतंय. आता जाऊन बघायला नको?"

"तू नको जाऊस."

"मग कुणाला पाठवतेस?"

दादानं पिटच्या दाराशी चावी फिरवली, खिशात घातली, खिशावर हात मारून तिला दाखवली, आणि शिडीवरून उतरला. ती धावत खोलीत परत आली. पिटमध्ये भिंतीवर एक फोन असतो, त्याची दुसरी बाजू मावशींच्या टेबलावर होती; वर बोललेलं खाली मोठ्यानं ऐकू जायचं. रिसीव्हर कानाला लावून तिनं बाण बटणावर टेकवला.

चौकट यायला वेळ लागला.

'बंद आहे. खाली दोन माणसं आहेत.'

मावशींनी तिचा दंड धरला.

"दादा!" ती फोनमध्ये ओरडली. "दादा, वर ये. आत्ताच्या आत्ता!"

फोन उचलल्याचा आवाज आला. दादाचा श्वास ऐकू आला. नंतर त्याचा आवाज, अगदी शांत, घरी कुणी झोपलेलं असताना बोलावं तसा.

"ओरडू नकोस, ठमे. येतोय. जरा हळू यावं लागेल."

"का? लागलंय का तुला?"

"मला काही झालं नाही."

फोन ठेवला गेला.

दादा वर यायला सात मिनिटं लागली. शिडीला पायऱ्या नऊच होत्या. तो बाहेर आला तेव्हा कपड्यांना धूळसुद्धा नव्हती. त्यानं पिटचं दार लगेच लावलं नाही. हातानं धरून ठेवलं, थोडं थांबला, मग लावलं. चावी जागेवर बसवली.

पडद्यावर बटण हिरवं झालं.

व्यवस्थापकांनी दोन्ही हात जोडले. मावशी डोळे पुसत होत्या. तिनं टिपेची पुसलेली ओळ आणि काढलेला हुकूम परत घातला आणि बाण नेला. चटकन, अर्ध्या सेकंदात, तिचे स्वतःचे शब्द उमटले. 'तिसरी लिफ्ट सुरू करा.' तिला इतकं हलकं वाटलं की रडूच यायचं बाकी राहिलं.

"काय होतं खाली?" तिनं विचारलं.

"नंतर बोलू," दादा म्हणाला. "पहिली फेरी राहिलीय."

मेकॅनिक लोकांची ही जुनी रीत. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी दुरुस्त करणाऱ्यानं स्वतः, रिकाम्या लिफ्टमधून करायची. वरच्या मजल्यावर उतरायचं, लिफ्ट मोकळी करून द्यायची आणि जिन्यानं खाली यायचं. आपल्या कामावर आपला जीव सोपवून दाखवायचा, म्हणजे मग दुसऱ्यांनी बसायला हरकत नाही.

दादा तिसऱ्या लिफ्टमध्ये शिरला आणि एका कडेला सरकून उभा राहिला. एवढ्या रुंद लिफ्टमध्ये अगदी भिंतीला लागून. दार मिटलं.

बाण बटणावर होता, तिचं बोट माउसवर.

"दाब," मावशी हळूच म्हणाल्या.

तिनं दाबलं. वर कुठंतरी मोटर घुमली. एक. दोन. लिफ्ट चालू असताना ते बटण बंदच असतं, त्यामुळे ते करडं झालं. त्यासाठी तिनं टीप लिहिलेली होती, 'बंद आहे. लिफ्ट चालू आहे.' ती वाचायचं काही कारण नव्हतं. तरी तिनं बाण नेला.

अर्धा सेकंद गेला.

आणखी थोडा वेळ गेला.

'बंद आहे. दोघं वर येत आहेत.'

तिनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी पदर तोंडाला लावला होता.

चार. पाच. लिफ्ट थांबली, मग रिकामी खाली आली. बटण पुन्हा हिरवं झालं, टीप पुन्हा तिची झाली. वॉर्डातले लोक स्ट्रेचर घेऊन आले. त्यावरच्या बाईंनी छताकडे बघत विचारलं, "आता नक्की चालते ना?" व्यवस्थापक म्हणाले, "मेकॅनिक स्वतः जाऊन आलेत." दार मिटलं, आणि सगळं व्हायला हवं होतं तसंच झालं.

ती जिन्याशी जाऊन उभी राहिली. दादा कुठलाही जिना पोरासारखा, दोन-दोन पायऱ्या टाकत उतरायचा, खाली पोचायच्या आधी त्याचे बूट ऐकू यायचे. आज काही ऐकू येत नव्हतं. तिनं कठड्यावरून वर पाहिलं.

तो तिसऱ्या मजल्यावर होता. एक पायरी उतरायचा, थांबायचा. पुन्हा एक. डावा हात कोपरात वाकवून त्यानं अंगापासून जरा दूर धरला होता, आधाराला द्यावा तसा.

"दादा," तिनं हाक मारली.

त्यानं खाली पाहून मान हलवली. मग डावीकडे वळून हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला, एक पायरी उतरला आणि वाट बघत थांबला.