चौथा खांदा

लाईट गेलीच आहे तर ऐका. महेश, दात काढू नकोस, हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेलं आहे. आल्हादच्या.

आल्हाद तेव्हा साइट इंजिनिअर होता. सातपूरच्या पुढे चिमाजीबाबांच्या मळ्यावर दुकानांच्या दोन इमारती उठणार होत्या. मळा विकताना म्हाताऱ्यानं एकच अट घातली. त्याच्या घरापासून नदीकाठच्या मसणवटीपर्यंतची वाट दोन इमारतींच्या मधून मोकळी ठेवायची.

"माझी कारभारीण नवसा ह्याच वाटनं गेली, साहेब. मलाबी हितूनच न्या. दुसरं काय नाय मागत."

आल्हादनं शब्द दिला, नकाशात वाट दाखवली. पुढे बांधकामाचा मालक म्हणाला, पहिल्या इमारतीला दुकानांची आणखी एक ओळ जोड. हा गप्प बसला. नकाशात जोडली ओळ. मधे माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट उरली.

२००१ सालची भोगी, संक्रांतीची आदली रात्र. संध्याकाळी चुन्याची फक्की मारून इमारतींची आखणी झाली होती, सकाळी जेसीबी येणार होता. कुत्र्यांनी रेघा विस्कटल्या नाहीत ना, एवढंच बघायला आल्हाद रात्री अकराला साइटवर गेला.

बॅटरीच्या उजेडात रेघा नीट दिसल्या. मग पावलं ऐकू आली. चिमाजीबाबांच्या घराकडून. एका तालात.

तिरडी होती. खाली तिघंच. चौथा कोपरा... नुसताच हवेत.

रेघेपाशी तिघं थांबले. मग तिरडीवरून आवाज आला. ओळखीचा.

"साहेब... खांदा द्या. वाट दावा."

पळावंसं वाटलं. पण उजवा खांदा आपोआप खाली गेला... वर वजन आलं.

चालले. रेघेच्या कडेनं. एक फेरी. दुसरी. तिरडी जाईल अशी वाट नाही. पुन्हा...

उजाडताना चिमाजीबाबांचा मुलगा ज्ञानेश धावत आला. आल्हाद एकटाच रेघेवर बसलेला.

"साहेब, बाबा रात्री गेले ओ!"

आल्हादनं मालकाचे पाय धरले, आजचा दिवस खणू नका म्हणाला. मालकानं ऐकलं नाही. जेसीबीनं वाट खणली आणि म्हाताऱ्याला डांबरी रस्त्यानं वळसा घालून नेलं. मला अजून राग येतो, मालकाचा आणि आल्हादचाही.

परवा आल्हादकडे गेलो होतो. तेजश्रीवहिनी त्याचा फाटका शर्ट शिवत बसल्या होत्या. महिन्यापूर्वी घेतलेला, नवाकोरा. त्यानं साइट केव्हाच सोडली, खुर्चीतली नोकरी धरली. तरी शर्ट कुठलाही असो... उजव्या खांद्यावरच विरतो.